जॅझच्या एलपींचा संग्रह सुरू करायचा आहे : पहिल्या दहा तबकड्या कशा निवडाव्यात?

कोथरूडकर (धागालेखक)

नमस्कार. गेली तीन-चार वर्षे मी मोबाइलवर जॅझ ऐकतो आहे. रात्री काम करताना शब्द नसलेले काहीतरी मागे वाजत असावे, एवढ्याच हेतूने सुरुवात केली होती. पण हळूहळू काम मागे पडले आणि ऐकणे पुढे आले. अडचण अशी की ऐकलेले मनात टिकत नाही. एक रचना संपते न संपते तोच ॲप आपल्या मर्जीने दुसऱ्या कोणाकडे तरी घेऊन जाते, आणि काल रात्री जो सॅक्सोफोन ऐकून अंगावर काटा आला तो कोणाचा होता, हे आज सांगता येत नाही. म्हणून मोजक्याच तबकड्या घ्याव्यात आणि त्या पुन्हा पुन्हा ऐकाव्यात, असे ठरवले आहे.

यंत्रासकट साठ हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. बरे स्पीकर घरी आहेत, त्यांतच अँप्लिफायर आहे. आई घरी पेटीचे वर्ग घेते, त्यामुळे संध्याकाळी सहा ते आठ बाहेरची खोली तिच्या विद्यार्थ्यांची असते. त्यानंतर ती माझी होते. ‘प्रत्येकाकडे असायलाच हव्यात अशा शंभर जॅझ एलपी’ छापाच्या याद्या वाचूनच दमायला झाले आहे. त्यांतल्या पहिल्या दहा डोळे मिटून घ्याव्यात का? जुन्या प्रती घ्याव्यात की नवी पुनर्मुद्रणे? आणि जुन्या बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या तबकड्यांत जॅझ सापडण्याची आशा ठेवावी का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुईदोरा

तबकड्यांविषयी इतर लोक लिहितीलच, मी यंत्रापुरते लिहितो. सुटकेससारखे उघडणारे, आतच स्पीकर असलेले चार-पाच हजारांचे प्लेअर सध्या भेटवस्तूंच्या दुकानांतही मिळतात. ते घेऊ नका. त्यांतल्या बहुतेकांत कार्ट्रिज (सुईच्या थरथरीचा विद्युतसंदेश करणारा भाग) सिरॅमिक प्रकारचे असते आणि त्याची सुई तबकडीवर पाच ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त भार टाकते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. तीन हजारांची तबकडी अशा सुईखाली घालणे म्हणजे पैठणी दगडावर आपटून धुण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट फोनो प्रीअँपची. कार्ट्रिजमधून बाहेर पडणारा विद्युतसंदेश अवघ्या काही मिलीव्होल्टचा असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्जातले स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे स्वर उचललेले असतात, कारण खर्ज होता तसा कोरला तर खाच इतकी रुंद होते की एका बाजूवर वीस मिनिटे मावणार नाहीत. वाजवताना हीच क्रिया उलटी करावी लागते. त्यासाठीचे प्रमाण १९५४ साली ठरले आणि आजही तेच चालते. हे काम प्रीअँप करतो. काही टर्नटेबलांत तो आतच असतो. नसेल तर वेगळा घ्यावा लागतो. तो मध्ये न घालता वायर थेट स्पीकरला जोडली की आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, आणि नवखा माणूस विनाकारण तबकडीला नावे ठेवतो.

स्पीकर आहेत म्हणता, तर निम्मे पैसे टर्नटेबलवर घालायला हरकत नाही. मी स्वतः ऑडिओ-टेक्निकाचे एलपी-१२०एक्स वापरतो. त्यात प्रीअँप आहे, वेग बारीक कमीजास्त करण्याची सरकपट्टी आहे आणि त्यासोबत येणाऱ्या व्हीएम-९५ई कार्ट्रिजची नुसती सुई काढून त्याच मालिकेतली वरच्या दर्जाची सुई नंतर बसवता येते. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका. सुईचा भार तोलायला काही शे रुपयांचा छोटा डिजिटल काटा घ्या. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा जुना रेकॉर्ड चेंजर फुकट मिळत असेल तर त्याची सुई आधी बदला, कारण ती शेवटची कधी बदलली हे त्या घरात कोणालाही आठवत नसते.

थेटप्रश्न

कोणाचा उत्साह मोडण्याचा हेतू नाही, तरीही विचारतो. तेच ध्वनिमुद्रण, खरखर नसलेले, महिन्याच्या शंभर-दीडशे रुपयांत मोबाइलवर मिळत असताना एका तबकडीला तीन हजार रुपये का मोजावेत? आवाज ‘उबदार’ असतो हे उत्तर कृपया देऊ नये. ते मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्या शब्दाचा घाम फुटतो.

खर्ज

थेटप्रश्न यांचा मुद्दा मला निम्म्याहून अधिक मान्य आहे. साठ हजारांच्या संचातून येणारा आवाज चांगल्या डिजिटल प्रतीपेक्षा सरस असतो, असे मी म्हणणार नाही. धुळीची चटचट असते आणि बाजू संपत आली, सुई लेबलाजवळच्या खाचांत गेली, की आवाजाला किंचित फाटलेपण येते. तबकडीतून मिळते ते निराळेच. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळतात, त्यात पुढे ढकलण्याचे बटण नसते. आणि तेवढा वेळ हातात धरून वाचायला कव्हरची मागची बाजू मिळते. कोथरूडकरांची तक्रार ‘काय ऐकले ते आठवत नाही’ ही आहे, आणि तिच्यावरचा उपाय बहुतेक वेळा त्या मागच्या बाजूवर छापलेला असतो.

म्हणून माझा सल्ला असा, की शंभरांची यादी बाजूला ठेवावी आणि एका वाजवणाऱ्याच्या मागे लागावे. तोही पुढे उभा राहणारा नको, मागे उभा राहणारा हवा. आपल्याकडे बैठकीचा मुरलेला श्रोता गायक बदलला तरी तबल्यावरचा हात ओळखतो. जॅझमध्ये त्या जागी डबल बेस, म्हणजे उभे धरून वाजवायचे खर्जाचे मोठे तंतुवाद्य, असतो. एकदा बेस ऐकू येऊ लागला की सगळा ताफा ऐकू येतो.

मी ज्याच्या मागे लागलो तो पॉल चेंबर्स. जन्म २२ एप्रिल १९३५, पिट्सबर्ग. क्षयाने मृत्यू जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. १९५५ पासून तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात होता. एवढ्याशा आयुष्यात तो इतक्या तबकड्यांवर वाजला आहे, की त्याचे नाव धरून चालत गेले तर पन्नाशीच्या दशकातले निम्मे न्यूयॉर्क आपोआप भेटते.

सुरुवात सगळे जिथून करतात तिथूनच करा, माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून. हे ध्वनिमुद्रण कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत १९५९ साली दोन दिवसांत झाले, २ मार्च आणि २२ एप्रिल. दुसरा दिवस चेंबर्सचा चोविसावा वाढदिवस होता. पहिल्या बाजूवरच्या ‘सो व्हॉट’मध्ये धून बेसच वाजवतो, आणि बाकीचे केवळ दोन स्वरसमूहांत त्याला ‘हो’ म्हणतात. एरवी मागे असणारा माणूस इथे बोलतो आणि पुढचे ऐकून घेतात. हे एकदा कानात बसले की तबकडी उलटून नावे वाचा : सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स आणि एका रचनेपुरता विंटन केली, ड्रमवर जिमी कॉब.

आता त्यांतला कोल्ट्रेन धरा, चेंबर्सचा हात मात्र सोडू नका. सप्टेंबर १९५७ मध्ये ब्लू नोट कंपनीसाठी मुद्रित झालेल्या ‘ब्लू ट्रेन’वर दोघेही आहेत. तिथे चेंबर्स ‘मोमेंट्स नोटिस’मध्ये बेसवर गज फिरवतो. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला घशात काहीतरी अडकलेल्या माणसाने गाणे सुरू केल्यासारखे वाटले होते. आता त्याचीच वाट पाहतो. तिथून ‘जायंट स्टेप्स’कडे या. ‘काइंड ऑफ ब्लू’चा दुसरा दिवस संपल्यानंतर पंधरवड्याच्या आत याच दोघांनी ॲटलांटिक कंपनीसाठी त्यातल्या बहुतेक रचना वाजवल्या, आणि त्यातली ‘मिस्टर पी. सी.’ ही रचना कोल्ट्रेनने ज्याच्या नावाने बांधली तो हाच पी. सी. आहे. एकाच वर्षी, त्याच दोन माणसांकडून, एका तबकडीवर स्वर एका जागी ठाण मांडून बसतात आणि दुसरीवर ते क्षणभरही थांबत नाहीत. या दोन तबकड्या एका आठवड्यात ऐकून जे शिकायला मिळते, ते कोणत्याही यादीत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. सनी क्लार्कची ‘कूल स्ट्रटिन’’ घ्या. जानेवारी १९५८ मधली आहे आणि कव्हरवर पदपथावरून चाललेले एका स्त्रीचे नुसते पाय आहेत. पियानोवादकाच्या नावाची तबकडी असूनही मी ती बेससाठीच लावतो. त्याच बेसची ऐट अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर ऐकायची असेल तर ‘आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन’. १९ जानेवारी १९५७ रोजी माइल्सचे तीन साथीदार लॉस एंजेलिसमध्ये होते आणि त्यांना एका दिवसासाठी उसने घेऊन ती झाली. ऑलिव्हर नेल्सनची ‘द ब्लूज अँड द ॲब्स्ट्रॅक्ट ट्रुथ’ १९६१ ची; तिच्यावर बिल एव्हान्स पुन्हा भेटतो आणि एरिक डॉल्फीची नवी ओळख होते. ‘बेस ऑन टॉप’ ही चेंबर्सच्या स्वतःच्या नावाची तबकडी मात्र शेवटी घ्या, कारण मागचा माणूस पुढे आला म्हणजे काय होते, हे कळायला आधी तो मागे असताना ऐकलेला असावा लागतो.

या सात झाल्या. आठवी मुद्दाम दुसऱ्या बेसवादकाची घ्या : बिल एव्हान्सची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’, २५ जून १९६१ रोजी व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये मुद्रित झालेली. तिच्यावर स्कॉट लाफारो बेस वाजवतो आणि तो साथ करतच नाही, संभाषण करतो. मागे ग्लासांची किणकिण ऐकू येते. त्यानंतर अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. नववी आणि दहावी मी सांगणार नाही. आठ तबकड्यांच्या मागच्या बाजू वाचल्यावर त्या तुम्हालाच सुचतील, आणि नाही सुचल्या तर दोन तबकड्यांचे पैसे वाचले असे समजा.

महिन्याला एकच घ्यावी. एकदम दहा आणल्या तर त्यांचेही ॲपसारखेच होते.

एडिसनकर

खर्ज यांच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. मी गेली सोळा वर्षे न्यू जर्सीत आहे, तेव्हा ‘कोणती प्रत’ या प्रश्नावर लिहितो.

वर ज्यांची नावे आली त्यांतल्या ‘ब्लू ट्रेन’, ‘कूल स्ट्रटिन’’ आणि ‘बेस ऑन टॉप’ या तिन्हींचे ध्वनिमुद्रण माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, हॅकेनसॅक या गावात, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात झाले. हे गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासत आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण करत. १९५९ मध्ये त्यांनी जवळच्याच एंगलवुड क्लिफ्समध्ये स्वतंत्र स्टुडिओ बांधला. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये जो कोरा चकचकीत पट्टा असतो, तिथे टॉर्च तिरका धरून पाहिले तर त्यांनी कोरलेल्या प्रतीवर ‘आरव्हीजी’ ही अक्षरे किंवा त्यांचे नाव दिसते. जुन्या ब्लू नोटवर त्याच पट्ट्यात कानासारखी एक बारीक खूण असते. तो खरे तर प्लास्टिलाइट या छपाई कारखान्याचा वळणदार ‘पी’ आहे. ब्लू नोट १९६५ मध्ये लिबर्टी कंपनीला विकली गेली, त्या कारखान्याचे काम थांबले आणि ‘कान’ही गेला. कान आहे की नाही, यावर एकाच तबकडीच्या दोन प्रतींच्या किमतींत कितीतरी पटींचा फरक पडतो.

हे सगळे सांगितले ते कुतूहल म्हणून. नवख्याने मूळ प्रतींच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्या जड सुयांखाली, घरगुती मेजवान्यांत वाजल्या आहेत. शिवाय विक्रेत्यांची दर्जा सांगण्याची भाषा फसवी असते. ‘व्हीजी’ म्हणजे ‘व्हेरी गुड’ असे वाचून मी पहिली जुनी तबकडी मागवली आणि ती लावल्यावर भजी तळल्यासारखा आवाज आला. या व्यवहारात ‘व्हीजी’ म्हणजे चांगली झिजलेली, ‘व्हीजी प्लस’ म्हणजे सांभाळून वापरलेली, आणि ‘निअर मिंट’ म्हणजे आपण साध्या बोलण्यात जिला चांगली म्हणू ती.

नवी पुनर्मुद्रणे घेताना ती कशापासून बनवली आहेत, एवढेच पाहावे. ब्लू नोटच्या स्वतःच्या दोन मालिका आहेत : २०१९ पासूनची ‘टोन पोएट’ आणि २०२० च्या अखेरीस सुरू झालेली, किमतीने कमी असलेली ‘क्लासिक व्हिनाइल’. दोन्हींचे मास्टरिंग (तबकडी कोरण्यासाठी ध्वनीची अखेरची जुळणी) केव्हिन ग्रे करतात आणि शक्य तिथे मूळ फितींवरूनच करतात. प्रेस्टीज, रिव्हरसाइड आणि कंटेम्पररी या कंपन्यांचा ठेवा ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ या मालिकेत येतो. ऐंशीच्या दशकातल्या तिच्या जुन्या प्रतीही उत्तम असतात आणि २०२३ मध्ये ती मालिका नव्याने सुरू झाली आहे. आर्ट पेपर आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ तुम्हाला तिथेच सापडतील.

सावध राहावे ते स्वस्त युरोपीय प्रतींपासून. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणांचे संरक्षण पूर्वी पन्नास वर्षांचे होते. २०१३ मध्ये ते सत्तर वर्षांचे झाले, पण १९६२ च्या अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे तोवर मुक्त झाली होती आणि ती पुन्हा बांधली गेली नाहीत. म्हणून ‘काइंड ऑफ ब्लू’ तिथे कोणीही कायदेशीरपणे छापू शकतो. मूळ फीत मात्र त्यांच्याकडे नसते. बहुधा सीडीवरूनच तबकडी कोरलेली असते. कव्हरवर ‘१८० ग्रॅम’ ठळक छापलेले असते, पण ते प्लास्टिकचे वजन झाले. सीडीच ऐकायची असेल तर थेटप्रश्न यांचा मार्ग स्वस्त आहे.

कोणी नातेवाईक इकडून येणार असतील तर प्रिन्स्टन रेकॉर्ड एक्स्चेंजला एक चक्कर मारायला सांगा. कव्हरसकट एका एलपीचे वजन पाव किलोहून थोडे जास्त भरते. लोणच्याच्या बरण्या उतरवून रिकाम्या झालेल्या बॅगेत पंधरा-वीस तबकड्या सहज येतात. फक्त त्या उभ्या ठेवाव्यात आणि बॅग उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नये.

मांडवीकाठ

‘जुन्या बाजारात जॅझ सापडेल का’ या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही, म्हणून लिहितो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा इतरत्र ढिगात हात घातला तर हिंदी चित्रपट, गझल, इंग्रजी पॉप आणि नाताळची गाणी मिळतात. वर दिलेल्या आठांपैकी एखादी मिळाली तर लॉटरी समजावी. सापडू शकते ते वेगळे आहे, आणि मला विचाराल तर जास्त आपले आहे.

मुंबईत १९३५ सालीच ताजमहाल हॉटेलमध्ये लिओन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन ताफा वाजत होता. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले, आणि त्यांचे ऐकून, त्यांच्याबरोबर वाजवून गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियेर वाझ हे चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेट वाजवत आणि त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या होत्या. सी. रामचंद्र यांनी त्यांना आपल्याकडे घेतले, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त ते ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. म्हणजे ‘अलबेला’ची तबकडी हाती लागली तर तीही आपल्या संग्रहात बसते, कोणी काहीही म्हणो. ‘रागा जॅझ स्टाइल’ ही शंकर-जयकिशन यांची १९६८ ची एचएमव्हीची एलपी, रईस खाँ यांच्या सतारीसह, हीदेखील त्याच घरातली. तिच्या मूळ प्रतीचे भाव आता चढे आहेत, पण पुनर्मुद्रण निघालेले आहे. आणि खर्ज यांनी न सांगितलेल्या नवव्या जागेसाठी ड्यूक एलिंग्टनची ‘फार ईस्ट सूट’ सुचवतो. १९६३ च्या दौऱ्यात त्यांचा ताफा भारतातही आला होता, आणि तिच्यातल्या एका रचनेत दिल्लीची मैना चक्क क्लॅरिनेटवर बोलते.

आता एक कबुली. आजोबांच्या पेटाऱ्यात मला ७८ च्या सहा तबकड्या मिळाल्या होत्या. त्यांवर बुरशी होती, म्हणून एलपी पुसतो त्याच आयसोप्रोपिल अल्कोहोलने मी त्यांतली एक पुसली. कापूस काळा झाला तेव्हा मळ निघतो आहे असे वाटून मी आणखी जोरात पुसली. तो मळ नव्हता, तबकडीच विरघळत होती. जुन्या ७८ लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे पॉलिश करणारा कोणताही सुतार सांगू शकला असता. त्या तबकडीवर आता एका बाजूचे लेबल तेवढे वाचता येते. लाखेच्या तबकडीला ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ फडके, एवढेच. शिवाय तिची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. तिला वेगळी सुई लागते.

एलपीला मात्र पावसाळ्यात आंघोळ घालावीच लागते. आमच्याकडे जुलैत कव्हरांवर पिवळसर ठिपके उठतात. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, खाचांच्या दिशेने फिरवलेला मऊ ब्रश, पुन्हा साधे ऊर्ध्वपातित पाणी, आणि लेबल भिजू न देता ताटाळ्यात उभी करून वाळवणे. आईचे जुने पितळी ताटाळे मी याच कामासाठी मागून घेतले. त्यात बारा एलपी उभ्या राहतात. वाळल्यावर जुन्या कागदी पाकिटात परत घालू नये, बुरशी तिथेच असते. नवी, आतून पॉलिथिनचा थर असलेली पाकिटे वापरावीत. जाड, चिकट, वास येणारी पीव्हीसीची बाहेरची पाकिटेही काढून टाकावीत. वर्षानुवर्षे तशीच राहिली तर तबकडीवर धुरकट डाग उमटतात.

थेटप्रश्न

दिल्लीची मैना आत्ताच मोबाइलवर ऐकली. माझा प्रश्न कायम आहे, पण ‘अलबेला’ आमच्या माळ्यावर असण्याची शक्यता आहे. पाहतो.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनंतर लिहितो आहे. सुईदोरा यांनी सांगितलेलेच टर्नटेबल घेतले आणि आतापर्यंत तीनच तबकड्या घेतल्या : ‘ब्लू ट्रेन’ आणि ‘कूल स्ट्रटिन’’ नव्या, आणि ‘काइंड ऑफ ब्लू’ची ऐंशीच्या दशकातली जपानी प्रत, जुनी पण स्वच्छ. या तिसरीविषयीच विचारायचे आहे.

परवा आईचे विद्यार्थी गेल्यावर पेटी उघडीच होती आणि मी ‘सो व्हॉट’ लावले. बेसची धून आईला आवडली. सूर कोणता हे पाहायला तिने भाता धरून पांढरी दोन दाबली आणि तोंड वाकडे केले. मग काळी दोन दाबली, तेव्हाही तेच. “हे ना पांढरी दोन, ना काळी दोन, मधेच कुठेतरी लोंबकळतंय,” असा निकाल तिने दिला आणि यंत्र बिघडल्याचे जाहीर केले. मी कागदाचा कपटा लेबलावर चिकटवून फेरे मोजले. तीन मिनिटांत बरोबर शंभर भरले, म्हणजे वेग योग्य आहे. गोंधळ वाढला तो बाजू उलटल्यावर. ‘ऑल ब्लूज’ लावले, तर ते तिच्या पांढरी पाचशी तंतोतंत जुळले. एकाच तबकडीची एक बाजू सुरात आणि दुसरी बेसूर, असे कसे होईल? प्रत सदोष असेल तर परत करण्याची मुदत या शनिवारपर्यंत आहे.

खर्ज

तुमच्या मातुःश्रींना माझा नमस्कार कळवावा. प्रत सदोष नाही आणि यंत्रही बिघडलेले नाही. २ मार्च १९५९ रोजी ज्या ध्वनिमुद्रण-यंत्राच्या फितीवरून तबकडी बनली, ते त्या दिवशी किंचित हळू चालत होते. हळू फिरवून भरलेली फीत योग्य वेगाने वाजवली की संगीत जरा जलद होते आणि सूर चढतो. पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या आहेत. २२ एप्रिलला यंत्र ठीक होते आणि दुसरी बाजू त्या दिवसाची आहे. चढ साधारण अर्ध्या स्वराच्या निम्म्याइतका आहे, म्हणजे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोबर मधला. ही चूक १९९२ मध्ये दुसऱ्या, योग्य वेगाने चाललेल्या यंत्रावरची फीत वापरून दुरुस्त झाली. त्याआधीची प्रत, मग ती कोणत्याही देशातली असो, अशीच आहे. पेटी शिकवणारे कान घरात असणे हे कोणत्याही महाग कार्ट्रिजपेक्षा मोलाचे आहे. मला हे पुस्तकात वाचून कळले होते, ऐकून नव्हे.

एडिसनकर

नवी अधिकृत प्रत घेतलीत तर दोन्ही बाजू सुरात मिळतील. तरीही मी असतो तर ही परत केली नसती. कोल्ट्रेन जिवंत असताना लोकांनी विकत घेऊन ऐकली, ती अशीच होती.

सुईदोरा

परत करण्याआधी एक करून पाहावे. यंत्राच्या उजव्या कडेला वेगाची सरकपट्टी आहे. ‘सो व्हॉट’ लावून आईंना पांढरी दोन धरायला सांगा आणि पट्टी अगदी हळूहळू उणे बाजूला न्या.

कोथरूडकर

शनिवार उलटून गेला, प्रत घरीच आहे. आईने पांढरी दोन धरली, मी पट्टी केसाकेसाने सरकवत गेलो आणि एका जागी तिने मान हलवली. त्या जागी आता कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे आणि त्यावर तिच्या अक्षरात ‘पां. २, पहिली बाजू’ असे लिहिले आहे. बाजू उलटताना पट्टी पुन्हा शून्यावर आणायला मी दोनदा विसरलो, आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघरातून हाक आली. पुढच्या महिन्यासाठी आर्ट पेपर मागवली आहे.